माझीही पिशवी तपासा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी मी आणि आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी मणिपुरी मुलगी, अशा दोघी किराणा आणायला गेलो. ती एका ब्यूटी पार्लरमध्ये काम करते. पुण्यात येऊन तिला चार वर्षं झाली. मला काकू म्हणते. आम्ही महिन्याचं सामान भरतो ते दुकान मोठं आहे. दारात पिशव्या जमा करून बिल्ला घ्यायचा, आत ट्रॉली ढकलत फिरायचं, पैसे दिले की बाहेर पडताना वॉचमनला बिल दाखवायचं आणि तो त्यावर पंचने भोक पाडतो. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही हे सगळं पाठ आहे.

मी पुढे होते. वॉचमनने माझ्या बिलाकडे पाहिलंसुद्धा नाही. भोक पाडलं आणि म्हणाला, "चला मावशी." माझ्या खांद्याला शबनम होती. दारात जमा करायची राहूनच गेली होती आणि आत पूर्ण वेळ माझ्याजवळ होती. अर्धा किलो बदाम तिच्यात सहज मावले असते. मुलीची पिशवी मात्र दारातच जमा झाली होती. तिच्या हातात दुकानातूनच भरून मिळालेली कापडी पिशवी आणि बिल, एवढंच. तिला त्याने थांबवलं. पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. तांदूळ, मॅगी, अंगाचा साबण, खोबरेल तेल, सॅनिटरी पॅडचं पाकीट. एकेक वस्तू उचलायची, बिलावर बोट फिरवायचं, जुळवायचं. पॅडचं पाकीट त्याने दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. मागे रांग खोळंबली होती, रांगेत पुरुष होते. ती मान खाली घालून उभी होती. सगळं जुळलं. त्याने भोक पाडलं, तिने सामान परत भरलं.

मी दोन पावलांवर उभी राहून हे पाहिलं आणि गप्प राहिले.

रिक्षात बसल्यावर मीच तिची समजूत घातली, "अगं, सगळ्यांचंच तपासत असतील. तुला उगीच तसं वाटलं." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, दर वेळी होतं. फक्त दर वेळी तुम्ही बरोबर नसता."

"तुला वाटलं असेल" हे आपण फार सहज बोलतो. बोलण्यात कळवळाही असतो. पण त्याने होतं असं की जिचा अपमान झाला तिच्यावरच पुरावा आणायची जबाबदारी येऊन पडते. आणि पुरावा कशाचा आणायचा? तर वॉचमनच्या मनात काय होतं याचा. तो कुणालाच आणता येणार नाही. खुद्द वॉचमनला विचारलं तरी तो आईशपथ सांगेल की माझ्या मनात काही नव्हतं, आणि कदाचित ते खरंही असेल.

म्हणून मला वाटतं, मनाचा ठाव घेत बसणं सोडून द्यावं. दुकानाने कुणाशी काय केलं, तेवढंच बघावं. एकाच रांगेत, पाच मिनिटांच्या आत, दोन बायका बाहेर पडल्या. एकीची शबनम कुणी उघडूनही पाहिली नाही, दुसरीची दुकानानेच भरलेली पिशवी टेबलावर ओतली गेली. हा फरक का झाला, हे दुकानाने सांगायचं. तिने का सांगायचं?

शिवाय, आपण बघणारे असतो तेव्हा एकच प्रसंग बघतो. आणि एकट्या प्रसंगाला नेहमीच काहीतरी कारण सापडतं. वॉचमन नवा असेल, सकाळीच चोरी झाली असेल, साहेबाने झापलं असेल. तिच्याजवळ चार वर्षांचे प्रसंग आहेत. त्यातून तिला जे कळलं आहे ते वाटणं नव्हे, ती माहिती आहे. पुढे एकदा मी तिच्या खोलीवर गेले तर खिडकीत बिस्किटांचा चौकोनी डबा होता आणि त्यात बिलं. किराण्याची, औषधांची, चपलांची, अगदी वीस रुपयांच्या सेफ्टी पिनांचंसुद्धा. महिन्यामहिन्याला रबर लावलेली. मी विचारलं, हिशेब ठेवतेस का? म्हणाली, "हिशेब नाही काकू. कुणी विचारलं तर दाखवायला." माझ्या घरात गेल्या आठवड्याचंसुद्धा बिल सापडणार नाही. ते जपून ठेवायची पाळी माझ्यावर कधी आलेलीच नाही.

आपल्याकडे वंशभेद म्हणजे गोऱ्यांनी काळ्यांशी केलेलं काहीतरी, दूरदेशीचं, अशी समजूत आहे. आपल्याकडचे भेद जातीचे आणि धर्माचे, चेहऱ्याचा भेद आपल्यात नाही, असं सुशिक्षित माणसंही म्हणतात. मग चेहरा बघून "चिंकी" म्हणतात, "मोमो" म्हणतात, "चायना से आये हो क्या" विचारतात, त्याला काय म्हणायचं? २९ जानेवारी २०१४ रोजी दिल्लीत लाजपत नगरच्या एका दुकानात अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी निडो तानिआम पत्ता विचारायला थांबला. दुकानातल्या लोकांनी त्याच्या रंगवलेल्या केसांची टवाळी केली. त्याने चिडून काच फोडली. त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात दुकानात झाली होती, आणि ती नुसत्या हसण्याने झाली होती. हे मी विसरू शकत नाही.

त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या आणि पुणे, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद इथून ईशान्येची हजारो मुलं-मुली मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली. पुण्यात तेव्हा काही मुलांना मारहाणही झाली होती. आपलं शहर विद्येचं माहेरघर म्हणवतं, आणि शिकायला आलेली मुलं बिऱ्हाड गुंडाळून स्टेशनवर बसली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा म्हैसूरच्या एका सुपरमार्केटमध्ये नागालँडच्या विद्यार्थ्यांना आत घेतलं नाही. त्यांनी आधार कार्डं दाखवली, तरी नाही. त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना लिहावं लागलं की ईशान्येच्या लोकांना करोनाशी जोडून त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा.

चेहरा बघून आधीच चोर ठरवणं महाराष्ट्राला मात्र मुळीच नवं नाही. आठवडी बाजारात पारधी बाई दिसली की दुकानदार पोराला हाक मारून पुढे उभं करतो, हे मी लहानपणी सोलापूरकडे पाहिलं आहे. कुणी काही बोलायचं नाही, नुसतं पोरगं येऊन उभं राहायचं. बाईला समजायचं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची सेटलमेंट वसवली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या. दुकानातलं ते पोरगं मात्र आहे तिथेच आहे, आता त्याच्या अंगावर गणवेश आला आहे.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या गावची. तिच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात महारवाड्यातली बाई आली तर ती ओट्याखाली उभी राहायची. मीठ-मिरची वरून पदरात टाकली जायची. तिने पैसे खाली ठेवायचे, वाण्याने त्यावर पाणी शिंपडून उचलायचे. आजी हे सांगताना म्हणायची, "रीतच होती तशी, कुणाच्या मनात काही नसायचं." कुणाच्या मनात काही नसायचं! मीही रिक्षात तेच तर बोलले होते. त्या बाईला माल मिळत होता. भाव तोच होता. मापही कदाचित पुरं असेल. तिला नाकारलं होतं ते दुसरंच काही.

ते काय, हे डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत फार नेमकेपणाने मांडलं. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत आडकाठी करता येणार नाही. या यादीत पहिला शब्द आहे दुकान. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यावर चर्चा झाली तेव्हा सभेत विचारलं गेलं की दुकान या शब्दात नेमकं काय काय येतं. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा होता: जो कुणी येणाऱ्या कोणालाही सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान, आणि इथे नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही, अटी मान्य असतील तर सेवाही मिळाली पाहिजे. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच उत्तराच्या आधारे या शब्दाचा अर्थ व्यापक धरला. साताऱ्यात लहानपणी न्हावी केस कापत नसे म्हणून ज्यांचे केस मोठी बहीण कापायची, त्या माणसाने हे उत्तर दिलं होतं. दुकानात शिरायला मिळणं आणि गिऱ्हाईक म्हणून वागवलं जाणं यांतलं अंतर त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

दुसऱ्यांच्या कायद्यांकडे पाहिलं की या शब्दाची किंमत कळते. अमेरिकेच्या १९६४ च्या प्रसिद्ध नागरी हक्क कायद्यात हॉटेलं, उपाहारगृहं, नाट्यगृहं, पेट्रोल पंप आहेत. साधी किरकोळ विक्रीची दुकानं त्या यादीत नाहीत. त्यासाठी तिथल्या लोकांना बहुतेकदा १८६६ च्या जुन्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो. ब्रिटनच्या १९६५ च्या वंशसंबंध कायद्यातूनही दुकानं सुटली होती, १९६८ मध्ये ती चूक सुधारली गेली. आपण त्यांच्याआधी दुकान हा शब्द थेट संविधानात लिहून ठेवला होता.

पण पुढे काय केलं? अस्पृश्यतेपुरता १९५५ चा कायदा झाला. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला, त्यात दुकानात येऊ न देणं हाही गुन्हा आहे. ते फार मोठं काम झालं आणि ते कागदावर राहू नये म्हणून आजही झगडावं लागतं. पण केवळ वंशावरून, चेहऱ्यावरून दुकानात वेगळी वागणूक मिळाली तर साध्या माणसाने कुठे जायचं, याला सरळ उत्तर नाही. मणिपूरमधले मैतेई तर अनुसूचित जमातीत नाहीत. आमची मुलगी मैतेई आहे. ग्राहक संरक्षण कायदा माल, सेवा, वजन, फसव्या जाहिराती यांबद्दल बोलतो. भेदभावाची वागणूक त्यात नावानिशी नाही. निडोच्या मृत्यूनंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने जुलै २०१४ मध्ये अहवाल दिला आणि वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमं घाला असं सुचवलं. ती घातली गेली नाहीत. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला किंवा गंभीर दुखापत केली तर त्यासाठी तिच्यात वेगळी तरतूद आहे. म्हणजे जीव गेल्यावर किंवा हाडं मोडल्यावर कायद्याला वंश दिसतो. टेबलावर पिशवी ओतली जाते तेव्हा दिसत नाही.

इथे ब्रिटनकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथल्या २०१० च्या समानता कायद्याचं १३६ वं कलम असं, की भेदभाव झाला असावा असं मानता येईल एवढी वस्तुस्थिती तक्रारदाराने मांडली की पुढचा भार समोरच्यावर जातो. आपण भेदभाव केला नाही, हे दुकानाने दाखवायचं. "मला तसं वाटलं" या वाक्याला कायद्याने दिलेलं हे उत्तर मला फार शहाणपणाचं वाटतं. कुणाच्या वाटण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही आणि ते झटकूनही टाकायचं नाही. दोन बायका, एक रांग, एक न उघडलेली शबनम, एवढं तिने सांगावं. पुढचं दुकान सांगेल.

आता माझंच पुढचं सांगते, कारण कायदा होईल तेव्हा होईल, किराणा दर महिन्याला भरावा लागतो.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी तिला पुढे केलं आणि मागे उभी राहिले. तेच झालं, पिशवी टेबलावर. तिचं संपलं, माझा नंबर आला. त्याने माझ्या बिलाला भोक पाडायला पंच उचलला तेव्हा मी म्हटलं, "दादा, थांबा. माझीही पिशवी तपासा." त्याला कळेना. "मावशी, तुमचं काय तपासायचं?" मी म्हटलं, "तिचं जे तपासलं ते." आणि पिशवी टेबलावर ओतली. शबनमही ओतली. चष्म्याचं घर, गोळ्यांची स्ट्रिप, रुमाल, किल्ल्या. मागच्या बाईंनी विचारलं, काय झालं हो? मी सांगितलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनीही आपली पिशवी टेबलावर ठेवली. त्यांच्या मागच्या गृहस्थांना उशीर होत होता, ते वैतागले, आणि त्यांचा वैताग मला चुकीचा वाटला नाही. पण वीस मिनिटांत मॅनेजर खाली आले.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे चेकिंग सगळ्यांचंच होतं." मी म्हटलं, "मग गेल्या खेपेला माझं का झालं नाही?" ते गप्प झाले. मी कुणावर आरोप केला नव्हता. वंशभेद हा शब्दही उच्चारला नव्हता. मी फक्त विचारलं की तपासणीचा नियम काय आहे, तो लिहिलेला आहे का, कुणाची पिशवी उघडायची हे कोण ठरवतं. लिहिलेला नियम नव्हता. ठरवत होता तो वॉचमन, आणि त्याला वरून तोंडी सांगितलेलं होतं. काय सांगितलं होतं, ते त्याने नंतर बाहेर मला हळूच सांगितलं: "ते हॉस्टेलवाले, नॉर्थवाले, बुरखेवाल्या, यांच्याकडे लक्ष ठेव म्हणतात. मी नाही ठेवलं तर माझ्या पगारातून कापतात."

तो बीडकडचा. ठेकेदाराच्या एजन्सीत कामाला, बारा तासांची ड्युटी, बसायला स्टूल नाही. म्हणून त्याचा चेहरा मोबाइलमध्ये टिपून जगभर पाठवायला माझं मन तयार होत नाही. हल्ली हाच पहिला उपाय झाला आहे. व्हिडिओ पसरतो, दोन दिवस शिव्यांचा पाऊस पडतो, दुकान घाईने एका माणसाला काढून टाकतं आणि त्याच्या जागी दुसरा येतो. तोंडी सूचना तीच राहते. नोकरी जाते ती सगळ्यात कमी पगाराच्या माणसाची, आणि सूचना देणाऱ्याचं नावही कुणाला कळत नाही.

व्हिडिओ कधीच काढू नये असं मी म्हणणार नाही. १२ एप्रिल २०१८ रोजी फिलाडेल्फियातल्या स्टारबक्समध्ये दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट पाहत बसले होते, काही विकत घेतलं नाही म्हणून पोलिसांना बोलावून त्यांना बेड्या घातल्या गेल्या. ते जगाला कळलं ते दुसऱ्या गिऱ्हाइकाने काढलेल्या व्हिडिओमुळे. पण त्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. आजूबाजूची गिऱ्हाइकं पोलिसांना विचारत होती की यांनी केलं काय? आणि मामला एका मॅनेजरवर थांबला नाही. २९ मे रोजी कंपनीला आपली आठ हजारांहून अधिक दुकानं दुपारभर बंद ठेवून सगळ्या नोकरांना शिकवायला बसवावं लागलं. एका दुपारच्या शिकवणीने किती बदललं असेल, याबद्दल मला शंका आहे. तरी प्रश्न दुकानाच्या पद्धतीपर्यंत गेला, एका नोकराच्या स्वभावावर सोडून दिला गेला नाही, हे खरं.

मुलीच्या बिस्किटाच्या डब्यावरून मला ग्रीन्सबरोची आठवण होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. आधी किरकोळ सामान घेतलं, पैसे दिले, पावती घेतली. मग त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले, जिथे फक्त गोऱ्यांना वाढलं जाई. नाही म्हटल्यावर त्यांचा सवाल साधा होता: तिकडच्या काउंटरवर आमचे पैसे चालतात, मग इकडे का नाही? ते दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशी गेले, बरोबर जाणारे वाढत गेले. २५ जुलैला त्या काउंटरवर सर्वांना वाढायला सुरुवात झाली. त्यांनी कुणाच्या मनाची चौकशी केली नाही. दुकानाच्या दोन वागण्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या.

एक आक्षेप मी स्वतःवरच पुष्कळदा घेतला आहे. समजा, माझी चूक असेल तर? खरंच त्या दिवशी योगायोग असेल तर? एका गरीब माणसाला मी उगीच भर रांगेत ओशाळं केलं असं होणार नाही का? होऊ शकतं. म्हणूनच माझा आग्रह आहे की आधी आरोप न करता विचारावं. "नियम काय आहे?" असं विचारल्याने निर्दोष माणसाचं काही बिघडत नाही. नियम सगळ्यांना सारखा असेल तर तो लगेच दाखवता येतो. "माझीही पिशवी तपासा" म्हटल्याने तर कुणाचाच अपमान होत नाही, फार तर माझी पाच मिनिटं जातात. आणि समोरच्याने शिवी दिली, हात लावला, दार अडवलं, तर तिथे विचारपूस पुरे. तिथे पोलिसांत जायचं. खासगी वॉचमनला पोलिसांचे अधिकार नसतात. संमतीशिवाय अंगाची झडती तो घेऊ शकत नाही, हे त्या मुलींना कुणी सांगितलेलंही नसतं.

यात जिच्यावर वेळ आली तिने काय करावं, हे सांगायला मी धजत नाही. तिने भांडावं, असं बाजूला उभं राहून म्हणणं सोपं आहे. ती भांडली तर "ही माणसं अशीच" म्हणायला सगळे मोकळे, आणि निडोने रागाने काच फोडली त्याचं काय झालं ते तिला ठाऊक आहे. तिच्या आईने इम्फाळहून निघताना तिला बजावलं होतं, कुणी काही बोललं तर खाली बघायचं आणि चालायला लागायचं. ती खाली बघत उभी होती ती आईचं ऐकून. बोलायचं काम माझं होतं. मला मराठी येतं, माझा चेहरा इथला आहे, मला मावशी म्हणतात, माझं काही बिघडणार नव्हतं. रांगेत माझ्यासारख्या दहा जणी होत्या.

महाराष्ट्र सरकारने मनावर घेतलं तर बरंच काही करता येईल, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहायलाही नको. दुकानं व आस्थापनांचा आपला २०१७ चा कायदा आहे. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हे सगळ्या दुकानांना लागू केलं. त्या नियमाच्या बाजूने मी होते आणि आहे. पाटीवरचं अक्षर किती उंच असावं हे राज्य ठरवू शकतं, तर दारात आणखी एक पाटी लावायला ते सांगू शकतं: इथे पिशवी तपासली जाते ती सर्वांची, किंवा दर अमुकाव्या माणसाची, चेहरा, पोशाख, भाषा पाहून नाही, वेगळी वागणूक मिळाली तर या नंबरवर कळवा. तक्रारीला ठराविक दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि दोन गिऱ्हाइकांत फरक का केला याचा खुलासा दुकानाने करायचा. ठेकेदाराच्या वॉचमनला तोंडी सूचना देण्यावर बंदी आणावी, काय सांगायचं ते लिहून द्यावं. दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या लोकांसाठी स्वतंत्र पथक आणि १०९३ हा हेल्पलाइन नंबर ठेवला आहे. इतकी मुलं पुण्यात शिकतात आणि राबतात, तर इथेही ते का असू नये?

माझ्या लेखी तक्रारीला दुकानाचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. गैरसोयीबद्दल क्षमस्व, यापुढे दर दहाव्या ग्राहकाची पिशवी तपासली जाईल, असं दोन ओळींत होतं. मुलीचा उल्लेख नव्हता. मी ते छापून तिला दिलं, तिने वाचून डब्यात ठेवलं.

गेल्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा दारात खरोखरच तसा कागद चिकटवलेला होता. वॉचमन तोच. माझा नंबर दहावा लागला, त्याने माझी पिशवी नीट तपासली, हसला. माझ्या मागे ती होती. त्याने तिच्या बिलाला भोक पाडलं आणि बिल परत दिलं, "चला ताई." ती दाराकडे गेली नाही. सवयीने टेबलापाशी थांबली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून त्याच्यापुढे धरलं.